केल, पंधरा रुपये जुडी

कपिलतीर्थाच्या मंडईत, सकाळी सातला,
मैमूना बागवान माझ्यापुढं पाटी सरकवते :
"लिवा सर. ह्या नव्या भाजीचं नाव मी सारखं इसरतो."

एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली,
लाल शाईनं लोकांचे ऱ्हस्वदीर्घ धरले.
आता खडू आहे, आणि बारा ओट्यांच्या पाट्या.
मजुरी : उरलेली कोथिंबीर.

भाजी निळसर हिरवी, कडा चुरगळलेल्या,
झालरीला इस्त्री करायची राहून गेल्यासारखी.
वडणग्याच्या सुरगोंडानं नेटशेडात लावली होती
ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलच्या शब्दावर.
दोन आठवडे त्यांनी घेतली,
मग फोन उचलायचं सोडलं.
आता ती इथं, शेपू आणि पोकळ्याच्या मधे,
पोरगी बघायला आलेल्यांसोबत आलेल्या,
कुणीच न विचारलेल्या पाहुणीसारखी.

मी लिहिलं : केल.

पहिलीच बाई म्हणाली, केळ? केळीची पानं व्हय ही?
दुपारच्या आत कुणा पोरानं वर टिंब दिलं.
केलं, पंधरा रुपये जुडी.
"काय केलंस गं मैमूना, पंधरा रुपयांत?"
बटाटेवाला पोत्यावर आडवा होऊन हसला.
जन्मभर टिंबं दिली आणि काढली,
हे एक राहू दिलं.

रात्री जाडा कोश उघडला, भिंग घेऊन.
तळाशी एक लॅटिन शब्द सापडला : काउलिस.
अर्थ, देठ.
पान नव्हे. देठ.
त्याच देठाला फुटत गेली सगळी नावं,
थंडीच्या मुलखात कुठं केल, कुठं कोल,
पोर्तुगीजांच्या तोंडी कूव्ह,
तेच गलबतातून उतरून आपल्या कढईत कोबी झालं.
डच म्हणाले क्नोलकोल,
आम्ही ऐकलं नवलकोल;
त्यातलं नवल तेवढं आपल्या पदरचं.
म्हणजे मैमूनाच्या ओट्यावर, डाव्या हाताला,
हिच्या दोन बहिणी कधीच्या बसल्यात,
मराठी बोलत.

सकाळी हे सगळं तिला सांगितलं.
ती विळ्यावर जुडी धरून होती.
हॉटेलवाल्यांनीच शिकवलेलं : देठ कडक, काढून टाकायचे.
खाली बुट्टीत देठांचा ढीग, शेरडासाठी.
हात थांबला तिचा.
"म्हंजे सर, नाव आपन शेरडाला घालाय लागलोय."
मग जरा विचार करून,
"आनि कोल म्हंता, ते तर आपल्या गावातच हाय की.
को-ल्हा-पूर."
मी म्हणालो, अगं, तो ल्हा वेगळा,
ती कोल्हासुराची गोष्ट…
पण गिऱ्हाईक आलं होतं.

गंगावेशीतली कुणी बाई, हातात बाजाराची पिशवी.
पाटीकडं बघितलंसुद्धा नाही तिनं.
"ती कुरळी द्या दोन जुड्या.
परवा हरभऱ्याची डाळ घालून, लसूण जरा सैल हातानं…
पोरं टोप पुसून खात होती."
मागून दुसरी : "मला बी एक कुरळी."

मैमूना माझ्याकडं बघत राहिली.
काही बोलली नाही. खडू पुढं केला.

मी बाहीनं पाटी पुसली.
केल गेलं. लॅटिन गेलं, गलबतं गेली.
टिंब मात्र जाईना, पोरानं दाबून दिलेलं,
ते राहिलं वर,
कुठल्याच अक्षराचं नसलेलं.
त्याच्या खाली लिहिलं : कुरळी. पंधरा रुपये.

निघताना बुट्टीतले मूठभर देठ खिशात घातले.
शेरडाचे घेतले म्हणून मैमूना ओरडली.
रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून एक चावला.
कडकच होता.
दाताखाली ते नाव
बराच वेळ टिकलं.